केळीच्या बागेत हिरवा चेहरा, मांडवात गुलाबी टोपी: व्हिडिओतला रंग क्रमाने कसा सुधारायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता गावोगाव एडिटर आहेत. कुणी लग्नाचं शूटिंग करतं, कुणी अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढतं, कुणी केळी-कापसाचं चॅनल चालवतं. कॅमेरे चांगले आहेत, मेहनतही आहे, तरी चेहरे कधी हिरवट तर कधी केशरी दिसतात. रंग नीट करून द्या म्हणून जे प्रोजेक्ट माझ्याकडे येतात, त्यांत चूक बहुतेक एकाच जागी असते: कामाचा क्रम उलटा असतो. आधी कुठून तरी उतरवलेला एलयूटी (रंगाचा तयार साचा) टाकलेला असतो, मग चेहरा लाल झाला म्हणून टेम्परेचर निळ्याकडे ओढलेलं असतं, मग चित्र मेल्यासारखं वाटलं म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, चढवलेलं असतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल असा मेळ, सगळ्यात शेवटी आठवतो, आणि तोवर तो धड बसण्याजोगा उरलेला नसतो.

खालचा क्रम दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून लिहिला आहे. फुकट मिळणाऱ्या आवृत्तीत इथलं सगळं होतं. प्रीमियर वापरत असाल तर त्याच्या ल्युमेट्री या रंगाच्या पॅनेलमध्ये हीच साधनं आहेत, फक्त जागा वेगळ्या.

## बसण्याआधी: स्क्रीन, खोली आणि स्कोप

कॉम्प्युटरचा नाइट लाइट बंद करा. मॉनिटरवर व्हिव्हिड, डायनॅमिक, सिनेमा असा मोड असेल तर तो काढून स्टँडर्ड किंवा एसआरजीबी ठेवा आणि रंगाचं तापमान ६५०० केल्विनवर आणा. ब्राइटनेस एकदा ठरवा आणि काम संपेपर्यंत हलवू नका. रात्री पिवळ्या बल्बखाली बसून केलेला रंग सकाळी निळा दिसतो, कारण डोळा खोलीतल्या उजेडाशी जुळवून घेतो. पांढरा एलईडी स्क्रीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लावला तर बराच फरक पडतो. भिंत गडद रंगाची असेल तर मागे राखाडी किंवा पांढरं कापड टांगा.

आता कलर पेजवर वर्कस्पेस मेनूतून व्हिडिओ स्कोप्स, म्हणजे रंग-उजेड मोजणारे आलेख, सुरू करा. दोनच लागतील, परेड आणि व्हेक्टरस्कोप. परेडमध्ये लाल, हिरवा, निळा हे तीन पट्टे शेजारी शेजारी दिसतात. खाली ० म्हणजे काळा, वर १०२३ म्हणजे पांढरा. व्हेक्टरस्कोप रंग कुठल्या दिशेला झुकलाय ते दाखवतो. या लेखातले आकडे याच मोजपट्टीचे आहेत.

पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिपा असतील तर एक गोष्ट आधीच पाहा. आयफोन १२ पासून पुढचे फोन मूळ सेटिंगवर एचडीआर (जास्त उजेड आणि रंग साठवणारा) व्हिडिओ काढतात. साध्या रेक.७०९ (नेहमीच्या टीव्ही-मोबाइल व्हिडिओचं रंगमान) टाइमलाइनवर अशी क्लिप फिकी किंवा जळल्यासारखी दिसते. तो व्हाइट बॅलन्सचा दोष नाही, त्यामुळे टेम्परेचर फिरवून तो जाणार नाही. आधी कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एका रंगमानातून दुसऱ्यात नेणारं साधन) लावून क्लिप रेक.७०९ मध्ये आणा. सोनीचा एस-लॉग किंवा तसं दुसरं लॉग (मुद्दाम फिकं काढलेलं) फुटेज असेल तर ट्रान्सफॉर्म सगळ्यात शेवटच्या नोडवर (नोड म्हणजे दुरुस्तीचा एक टप्पा) आधी लावून ठेवा आणि सगळी दुरुस्ती त्याच्या अलीकडच्या नोडवर करा. डोळ्यांना दिसतं ते रूपांतर झालेलं चित्र, हात फिरतो तो मूळ माहितीवर.

तपासा: स्कोप उघडे आहेत? नाइट लाइट बंद आहे? क्लिपवर आधीचा कुठला एलयूटी चिकटलेला नाही ना?

## १. क्लिपा उजेडाप्रमाणे वेगळ्या करा

कॅमेऱ्याप्रमाणे किंवा वेळेप्रमाणे नाही, उजेडाप्रमाणे. एका लग्नात सकाळची हळद अंगणात, दुपारची लग्नघटिका कापडी मांडवात, जेवणावळ पत्र्याच्या शेडखाली आणि संध्याकाळची वरात डीजेच्या लाइटात असते. हे चार वेगळे उजेड आहेत, म्हणून गटही चार. प्रत्येक गटातून एक मुख्य शॉट निवडा. त्यात चेहरा मोठा असावा, काहीतरी राखाडी किंवा पांढरं असावं आणि उजेड स्थिर असावा. आधी तेवढेच चार शॉट सुधारायचे, बाकीचे नंतर त्यांना जुळवायचे.

पहिल्या क्लिपपासून सुरू करून ओळीने सुधारत जाणं टाळा. प्रत्येक शॉट मागच्या शॉटकडे बघून थोडा सरकतो आणि शेवटी पहिल्या व शंभराव्या शॉटमधली नवरी एकच आहे हे ओळखू येत नाही.

## २. नोडची मांडणी आणि ढोबळ उजेड

मुख्य शॉटवर पाच नोड बनवा. ऑल्ट आणि एस दाबलं की पुढचा नोड येतो. त्यांना नावं द्या: उजेड, बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, त्वचा, लूक. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडाल तेव्हा ही नावंच कामी येतील.

पहिल्या नोडवर फक्त एकूण उजेड वर-खाली करायचा, ऑफसेटने किंवा गेनने. ग्रे कार्ड (रंग मोजायचं राखाडी कार्ड) असेल तर ते परेडवर साधारण ४०० ते ५०० च्या दरम्यान येऊ द्या. चेहरा कुठे ठेवायचा हे माणसाच्या रंगावर ठरतं. उन्हात रापलेल्या शेतकऱ्याचा चेहरा ४५०च्या आसपासही छान वाटतो. त्याला ओढून ७०० वर नेऊ नका. नवरीला गोरी दाखवा अशी मागणी घरच्यांकडून येते हे मला ठाऊक आहे, पण उजेड चढवून गोरी केलेली त्वचा सपाट होते, तिच्यातली हळदीची, उन्हाची, लाजेची लाली सगळी जाते. घरच्यांना दोन्ही शॉट शेजारी ठेवून दाखवा. बहुतेकदा ते स्वतःच मूळ रंगाकडे बोट दाखवतात.

कॉन्ट्रास्टला अजून हात लावू नका. कॉन्ट्रास्ट वाढला की तीन पट्ट्यांमधला फरकही वाढतो. थोडी हिरवी झाक असेल तर ती गडद होते, आणि मग तुम्ही जास्तीची दुरुस्ती करून बसता.

## ३. व्हाइट बॅलन्स: खरं न्यूट्रल शोधा

सगळं काम या टप्प्यावर तोललेलं आहे. व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रत्यक्षात ज्या वस्तूला स्वतःचा रंग नाही, तिचे तीनही पट्टे परेडवर एकाच उंचीवर आणणं. अडचण एवढीच की अशी वस्तू फ्रेममध्ये कोणती, हे ठरवताना लोक फसतात.

आपल्याकडे सगळ्यात आधी हात जातो पांढऱ्या टोपीवर किंवा धोतरावर. पण धुतल्यावर त्याला नीळ दिलेली असते, आणि डिटर्जंटमध्ये कपडा उजळ दाखवणारं द्रव्यही असतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतं. त्या निळसर टोपीवर पिकर (व्हाइट बॅलन्सची जागा निवडायचं साधन) दाबला की सॉफ्टवेअर ती पांढरी करायला निळा काढतं आणि आख्खा मांडव पिवळा पडतो. घरात एलईडीखाली अतिनील किरणं जवळपास नसतात, त्यामुळे तीच टोपी तिथे कमी निळी दिसते. म्हणजे बाहेर एक चूक आणि आत वेगळी. छपाईच्या पांढऱ्या कागदाचंही हेच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पांढरा घोडा पाहून पिकर लावतात, पण त्याचे केस साईच्या रंगाचे असतात आणि अंगावर धूळ असते. कापसाचं बोंडही किंचित पिवळसर असतं. स्टीलचं ताट तर समोर जे असेल त्याचाच रंग दाखवतं.

खात्रीचं एकच: १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड. फार महाग नसतं. उजेड बदलला की नवरदेवाच्या हातात किंवा चेहऱ्याच्या जागी दोन-तीन सेकंद धरून शूट करायचं. ज्या उजेडात चेहरा आहे त्याच उजेडात आणि त्याच बाजूला वळवून. कॅमेरामनने स्वतःच्या पोटाशी सावलीत धरलेल्या कार्डाचा उपयोग नाही.

कार्ड नसेल तर सिमेंटच्या स्वच्छ खांबासारखी राखाडी जागा शोधा. आणि एकावर विसंबू नका, दोन-तीन ठिकाणी मोजा.

आता बॅलन्सच्या नोडवर या. आधी टेम्प: लाल आणि निळा पट्टा एका उंचीवर आणा. मग टिंट: हिरवा त्या दोघांच्या रांगेत बसवा. क्रम हाच ठेवा. टिंट आधी हलवला तर टेम्प फिरवल्यावर पुन्हा त्याच्याकडे यावं लागतं.

रावेर-यावलच्या केळीच्या बागेतला शॉट घ्या. वरून ऊन पानांतून गाळून येतं, तेव्हा खाली उभ्या माणसावर हिरवा उजेड पडतो. त्यातून फ्रेमचा मोठा भाग हिरवा, त्यामुळे ऑटो व्हाइट बॅलन्सवरचा कॅमेरा बावरतो, आणि बागायतदार व्हिडिओ पाहून विचारतो, “भाऊ, मन्हं तोंड हिरवं कसाले दिसस?” परेडवर ग्रे कार्डाचा हिरवा पट्टा लाल-निळ्याच्या वर डोकावतो. टिंट मॅजेन्टाच्या (गुलाबी-जांभळ्या) बाजूला नेत तो खाली आणा. कार्ड सरळ झालं की थांबा. पानं आता थोडी कमी हिरवी वाटतील. वाटू द्या. केळीच्या पानाचा खरा हिरवा पिवळसर असतो, आणि तोच आता दिसतो आहे. मात्र पानांच्या फटीतून दिसणारं आभाळ गुलाबी व्हायला लागलं तर तुम्ही जास्त पुढे गेलात. आभाळावर पानातून गाळलेला उजेड पडलेला नसतो, म्हणून त्याला ती दुरुस्ती मानवत नाही. अशा वेळी पूर्ण फ्रेमवर दोन-तृतीयांश दुरुस्ती करा आणि उरलेली चेहऱ्याभोवती पॉवर विंडो (तेवढ्याच भागाची चौकट) काढून.

ऑटो बॅलन्सचं बटण घाईत बरं वाटतं, पण ते फ्रेममधल्या रंगांवरून अंदाज बांधतं. हळदीच्या दिवशी पडदे पिवळे, साड्या पिवळ्या, अंग पिवळं. सॉफ्टवेअरला ती उजेडाची पिवळी झाक वाटते आणि ते निळा ओततं. हळद राखाडी पडते. त्या दिवसासाठी ऑटो वापरूच नका.

धोका: कार्ड किंवा टोपी १०२३ ला चिकटलेली असेल तर तिच्यावर मोजू नका. जळालेल्या भागात तीनही पट्टे आपोआप एकाच उंचीवर दिसतात, आणि त्यावरून काहीही कळत नाही.

तपासा: नोड कंट्रोल आणि डीने बंद-चालू करा. चित्र स्वच्छ होतंय की फक्त दुसऱ्या रंगाकडे झुकतंय?

## ४. मांडवातला मिश्र उजेड

गुलाबी किंवा पिवळ्या कापडाचा मांडव, बाजूने आत घुसणारं एप्रिल-मेचं ऊन आणि स्टेजवर ५६०० केल्विनचे एलईडी. इथे एकच व्हाइट बॅलन्स सगळ्यांना बसणार नाही, आणि तो बसवायच्या हट्टात तासन् तास जातात.

आधी ठरवा की नजर कुठे जाणार. नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर. मग त्या चेहऱ्यावरच्या मुख्य उजेडाला बॅलन्स करा आणि बाकीचं मागे जाऊ द्या. त्यानंतर परेडवर वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा पाहा. वर तिन्ही पट्टे जुळलेत पण खाली लाल उचललेला असेल तर मांडवाच्या कापडाची झाक सावल्यांत शिरली आहे. लिफ्टच्या चाकाने ती अगदी थोडी, लालच्या उलट दिशेला काढा. उलट असेल, म्हणजे सावल्या ठीक आणि उजळ भाग रंगलेला, तर गेनचं चाक. गॅमाला (मधल्या उजेडाच्या चाकाला) शक्यतो हात लावू नका, कारण त्वचा तिथेच बसलेली असते.

गुलाबी कापड पूर्ण पांढरं करू नका. ते मांडवाचं कापड आहे, गुलाबीच असणार. काढायची ती झाक टोपीवरची आणि गालावरची.

वरातीतल्या डीजेच्या निळ्या-जांभळ्या लाइटांबद्दल थोडक्यात: निळ्या एलईडीत लाल प्रकाश जवळपास नसतोच, म्हणून त्याखालच्या चेहऱ्यातून खरा त्वचेचा रंग कुठल्याही चाकाने परत येत नाही. तो शॉट रंगीतच ठेवा, फक्त निळ्याचं सॅच्युरेशन ह्यू व्हर्सेस सॅट कर्व्हने (एकाच रंगाचा भडकपणा बदलणाऱ्या रेषेने) कमी करा म्हणजे चेहऱ्यांची ढेकळं होणार नाहीत.

## ५. आता कॉन्ट्रास्ट, मग त्वचा

तिसऱ्या नोडवर कॉन्ट्रास्ट. काळा शून्याच्या किंचित वर, उजळ भाग ९५० पर्यंत. सॅच्युरेशन मुळात ५० वर असतं. ५५ पर्यंत जा आणि तिथे थांबून पाहा.

मग व्हेक्टरस्कोपच्या सेटिंगमधून त्वचेची रेषा दाखवा. गालावर छोटी पॉवर विंडो काढून हायलाइट चालू केलं की स्कोपवर तेवढाच भाग येतो. गोरी, सावळी, काळी, रापलेली, कुठलीही त्वचा असो, तिचा पट्टा या रेषेच्या आसपासच येतो. फरक असतो तो उजेडाचा आणि गडदपणाचा. पट्टा पिवळ्या-हिरव्याकडे कलला असेल तर बॅलन्सच्या नोडवर परत जाऊन टिंट तपासा. त्वचेच्या नोडवर चिकटपट्टी लावू नका.

हळद लावलेल्या चेहऱ्यावर ही रेषा चालत नाही. तिथे करवलीचा किंवा मागे उभ्या कुणाचा तरी हळद न लागलेला गाल मोजा.

## ६. मिरची, शालू आणि हाताबाहेर गेलेला लाल

हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरची पथारीवर शूट करायला जाणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. नजर जाईल तिथवर लाल मिरची, दुपारचं ऊन, आणि ती पसरणाऱ्या मजुरांच्या हनुवटीखाली खालून उसळणारा लाल उजेड.

कॅमेऱ्याचा झेब्रा (जास्त उजेडाचा इशारा देणाऱ्या पट्ट्या) साधारणपणे एकूण प्रकाशमान पाहतो, आणि रेक.७०९ मध्ये त्या मापात लालचा वाटा फक्त २१ टक्के असतो. हिरव्याचा ७१ च्या वर, निळ्याचा ७. म्हणून लाल पट्टा पार डोक्याला भिडला तरी झेब्रा गप्प राहतो आणि ल्युमा वेव्हफॉर्मही (फक्त उजेड दाखवणारा स्कोप) सगळं ठीक असल्याचं दाखवतो. घरी येऊन परेड उघडलं की लाल १०२३ वर सपाट कापलेला असतो. मिरचीची सुरकुती, देठाजवळची चमक, सगळं जाऊन एक लाल डाग उरतो. शूटवरच उजेड अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा. एडिटिंगमध्ये आधी सगळे नोड बंद करून पाहा. मूळ क्लिपमध्येच लाल कापलेला असेल तर तो तपशील परत मिळणार नाही. मूळ ठीक असेल आणि तुमच्या कॉन्ट्रास्टने वर ढकलला असेल तर ह्यू व्हर्सेस सॅट कर्व्हवर लालपाशी बिंदू घेऊन तो थोडा खाली आणा. लाल शालूलाही हेच लागू.

मोबाइल आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं फुटेज ४:२:० असतं, म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद. त्यामुळे लालच्या कडा मुळातच दातेरी असतात. शार्पन लावलं तर त्या आणखी उठतात.

हनुवटीखालची लाल झाक पूर्ण काढू नका, निम्मी काढा. माणूस मिरचीत उभा आहे हे त्या झाकेमुळेच कळतं.

## ७. बाकीच्या क्लिपा जुळवणं

मुख्य शॉटचा स्टिल गॅलरीत घ्या. गटातल्या बाकीच्या क्लिपा निवडून मुख्य क्लिपवर माउसचं मधलं बटण दाबलं की ग्रेड उतरते. मग प्रत्येक क्लिप स्टिलशी अर्ध्या-अर्ध्या स्क्रीनवर लावून तपासा. फरक निघाला तर फक्त पहिल्या दोन नोडवर दुरुस्त करा. कॉन्ट्रास्ट, त्वचा, लूक सगळ्यांना एकच राहू द्या.

दोन कंपन्यांचे कॅमेरे असतील तर आधी काळे जुळवा, मग राखाडी, मग त्वचा. साड्या शेवटी. साडीपासून सुरुवात केली की चेहरे हातातून निसटतात.

एकाच शॉटमध्ये कॅमेरा घरातून अंगणात गेला आणि ऑटो व्हाइट बॅलन्स मध्येच सरकला, तर कीफ्रेम (सेटिंग बदलण्याच्या खुणा) लागतील. रंग जिथे सरकायला लागतो तिथे पहिली आणि जिथे स्थिरावतो तिथे दुसरी. मधे आणखी कीफ्रेम घालू नका, रंग हलताना दिसतो. पुढच्या शूटला कॅमेरा केल्विनवर पक्का ठेवा: उन्हात ५६००, सावलीत ७०००च्या आसपास, जुन्या हॅलोजनखाली ३२००. चूक झाली तरी ती सगळीकडे सारखी असेल, आणि एकदाच सुधारावी लागेल. एलईडीखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसऱ्या शटरवर उजेडासोबत रंगही पट्ट्यापट्ट्यांनी थरथरू शकतो.

## ८. लूक, आणि मग फाइल

एलयूटी हवा असेल तर तो आत्ता, पाचव्या नोडवर, आणि की आउटपुट गेन (त्या नोडचा जोर) निम्म्यावर आणून. एलयूटी लावल्यावर टोपी पुन्हा रंगली तर दुसरा एलयूटी निवडा. बॅलन्सचा नोड त्याच्यासाठी वाकवू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात लूक बदलताना सगळं मुळापासून करावं लागेल.

एक्स्पोर्ट झाल्यावर फाइल मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर, दिवसाच्या उजेडात पाहा. टीव्हीवर व्हिव्हिड मोड असेल तर तो काढून. दोन्हीकडे एकाच दिशेची झाक दिसली तर दोष तुमच्या मॉनिटरचा आहे, मग गटाच्या मुख्य शॉटवर बॅलन्स तपासा. एकीकडेच दिसली तर त्या स्क्रीनचा आहे, फाइलला हात लावू नका.

स्टिल्सना उजेडाची नावं देऊन पॉवरग्रेडमध्ये (सगळ्या प्रोजेक्टना दिसणाऱ्या गॅलरीत) ठेवा: केळीबाग दुपार, गुलाबी मांडव, पत्र्याचं शेड. त्याच मंगल कार्यालयातलं पुढचं काम आलं की सुरुवात तिथूनच होईल. आणि ग्रे कार्ड धरलेल्या फ्रेमा टाइमलाइनवरून कापल्यात का, हे फाइल देण्याआधी एकदा पाहून घ्या.